ट्रेलरचं भिजत घोंगडं

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ऑफ-रोड ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून कच्च्या रस्त्यावरही नेता येणारं चाकांवरचं घर, उभा असतो, आणि तो बघायला येणाऱ्यांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. आत टॉयलेट आहे का? कितीला पडला? ॲव्हरेज किती देतो? ट्रेलरला इंजिनच नसतं, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हापासून हा उत्साह वाढतोच आहे. याला दुरुस्त कोण करतं, हे मात्र कोणी विचारत नाही. मी घेणारा असतो तर टॉयलेटच्या आधी तेच विचारलं असतं.

कारण कायद्याने ट्रेलर हे वाहन आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच तो येतो. त्याची नोंदणी वेगळी, नंबरप्लेट वेगळी. वापराने मात्र ते घर. बेड, सिंक, फ्रिज, गॅस, पाण्याची टाकी, सगळा संसार. आणि दोन घरचा पाहुणा उपाशी. गॅरेजवाला सिंककडे बोट दाखवून म्हणतो, "साहेब, हे प्लंबरचं काम." प्लंबर येतो, चाकांकडे बघतो आणि पिशवीही न उघडता निघतो, "काका, हे गाडीचं काम." घरच्या इलेक्ट्रिशियनला २३० व्होल्ट कळतात, ऑटो इलेक्ट्रिशियनला १२. मधे बसलेल्या इन्व्हर्टरला दोघंही हात लावत नाहीत.

दुखण्यांमध्ये मानाचं पान गळतीचं. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ट्रेलरच्या छतावर सात-आठ भोकं कंपनीनेच पाडलेली असतात: पंखा, स्कायलाइट, सोलरच्या वायरी, कडांच्या पट्ट्यांचे स्क्रू. नियम एकच. पाणी दिसतं तिथून ते शिरलेलं नसतं. पुढच्या कोपऱ्यातल्या पट्टीखालून आत येतं, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावरून रमतगमत जातं आणि मागच्या बेडखाली उगवतं. मालक बिचारा मागची खिडकी सील करत बसतो.

गळती शोधायची तर पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर. आधी खिडकीची खालची कड, तिच्यावर दहा-पंधरा मिनिटं. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवायचा, आणि तो झोप न लागणाऱ्यांपैकी निवडायचा. मग खिडकीची वरची कड, मग छताची पट्टी, सर्वात शेवटी पंखा आणि सोलरचं भोक. वरून सुरुवात केली की सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. दुसरी रीत जास्त खात्रीची. सगळ्या जाळ्या आणि भोकं टेपने बंद करून ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे येतील तिथे भोक. या कामाला सोसायटीतली पोरं बिनपगारी हजर असतात.

भोक सापडलं की कंपनीचा माणूस खिशातून सिलिकॉनची ट्यूब काढतो. इथे त्याचा हात धरावा, शब्दशः. जुन्या सिलिकॉनवर काहीही धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ते आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. लोखंडी पट्टीने फायबरवरचा चकाकीचा थर जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसायची. पट्टी पूर्ण सोडवायची, तिच्याखाली नवी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावायची आणि टेप कडेने बाहेर डोकावेपर्यंत स्क्रू आवळायचे. दुसऱ्या दिवशी परत आवळायचे, कारण टेप दबून बसते. बाहेर आलेली टेप कापून वरून पॉलियुरेथेन सीलंटची ओळ ओढायची. आवळताना एखादा स्क्रू नुसताच गोल फिरत राहिला तर आतलं प्लायवुड कुजलंय. मग हा सीलंटचा विषय राहत नाही, सुताराचा होतो, आणि सुतार प्लंबरसारखाच आधी चाकांकडे बघतो.

यातली गंमत अशी की पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या दमटपणावरच सुकतं. म्हणजे ठाण्याची हवा त्याच्यासाठीच घडवलेली. फक्त लावताना पृष्ठभाग कोरडा लागतो, आणि जून ते सप्टेंबर ठाण्यात कोरडा पृष्ठभाग म्हणजे मंगल कार्यालयाच्या हॉलची भिंत, तीही आतल्या बाजूने.

खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात. थिनर किंवा पेट्रोलने पुसल्या की थोड्याच दिवसांत आत बारीक तडे उमटतात. वॉशिंगवाल्याला हे आधी सांगावं, नंतर सांगून उपयोग नसतो.

विजेचं दुखणं मूक असतं. ट्रेलरचा कॉम्प्रेसर फ्रिज सुरू होताना पटकन १० अँपिअर ओढू शकतो. गाडीच्या बॅटरीपासून फ्रिजपर्यंत वायर ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२. ती २.५ स्क्वेअर एमएमची असेल तर तेवढ्यात ०.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ६ एमएमची टाकली तर ०.३५. बॅटरी १२.२ वर असताना पहिल्या वायरीतून फ्रिजला मिळतात ११.४, तो लाल दिवा लावून संपावर जातो आणि कंपनी फ्रिज बदलून देते. नवा फ्रिजही संपावर जातो. बिचाऱ्या फ्रिजांची जमात बदनाम होते, वायर मात्र जागची हलत नाही. मल्टिमीटर फ्रिजच्या मागच्या टोकावर लावायचा, तोही फ्रिज चालू असताना. बॅटरीवर लावून "व्होल्टेज बरोबर आहे" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर आणखी एक पेच. आपल्याकडच्या बॅटरीवाल्याची नजर इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीवर तयार झालेली. तिथे काही चालू नसताना १२.७ व्होल्ट म्हणजे फुल. लिथियममध्ये १३.२ आणि १३.० या दोन आकड्यांमध्ये जवळपास अर्धी बॅटरी संपून गेलेली असते. तो १३.० बघून म्हणतो, "ठणठणीत आहे दादा," आणि रात्री दोनला पंखा बंद पडतो. त्यात बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरणारा जनरेटर, हुशार झालाय. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज उतरवतो. ट्रेलरची बॅटरी मग नाशिकपर्यंत जाऊनही उपाशीच. मधे उतरलेलं व्होल्टेज चढवून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, आणि ट्रेलर विकताना त्याचं नाव सहसा निघत नाही. सोलर आहे की, असं म्हणतात. आहे. समोरच्या तीस मजली टॉवरची सावली सरकली की तोही आहे.

मागचे दिवे हा करमणुकीचा भाग. सात पिनांच्या प्लगमध्ये तीन नंबरची पांढरी वायर अर्थची. ती सैल झाली की करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बांमधून शोधतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेल लॅम्प धडधडतो, आणि माजिवड्याच्या सिग्नलला मागचा रिक्षावाला कोणत्या बाजूने घुसायचं याचा निर्णय तुमच्यावर सोडत नाही. पिन सॅंडपेपरने घासा, वायरीच्या टोकाचं थिंबल नवं दाबून बसवा, दिवे परत माणसात येतात.

आता हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग. या विषयावर मी सविस्तर बोलतो तेव्हा घरचे उठून जातात, पण ट्रेलरचं चाक रस्त्यात सुटतं ते बहुतेक इथूनच. माळशेज उतरून मुरबाडकडे येताना ब्रेक ड्रम आणि हब चांगलेच तापतात. खाली आल्या आल्या कोणीतरी ओढ्यात ट्रेलर उभा करून फोटो काढतं. तापलेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ग्रीस आत राखणाऱ्या रबरी कडीच्या, म्हणजे ऑइल सीलच्या, कडेने पाणी आत खेचलं जातं. पाण्यात जाण्याआधी अर्धा तास थांबलं तर हे टळतं, पण जाहिरातीत कोणी अर्धा तास थांबलेलं दिसत नाही. नंतर टोपी उघडून ग्रीस बघायचं. मधासारखं दिसलं तर ठीक, दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय.

चाक उचलताना जॅक ॲक्सलच्या पाइपच्या मध्यावर लावायचा नाही, पाइप वाकतो. कमानपाट्याखालच्या यू-बोल्टच्या प्लेटशी लावायचा. चाक वर-खाली धरून हलवायचं. खटखट आली तर बेअरिंग सैल, हाताने फिरवताना घरघर आली तर गेलेलं. हब सोडवून रॉकेलने स्वच्छ धुवायचा आणि पुसून कोरडा करायचा. नवं ग्रीस बेअरिंगच्या रोलर्समध्ये तळहाताने दाबत भरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस पहिल्या घाटापर्यंतच पुरतं. बसवताना चाक फिरवत फिरवत खाचांचा कॅसल नट आवळायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग तो पूर्ण सैल करून फक्त बोटांनी लागेल तेवढा लावायचा. नट फिरू नये म्हणून खाचेत घालायची स्प्लिट पिन दर वेळी नवी. ट्रकवर काम केलेला दणकट मेकॅनिक पाना लावून त्यावर उभा राहतो, आणि पन्नास किलोमीटरवर त्या हबवर पापड भाजता येतो. पहिल्या थांब्यावर सगळ्या हबना हाताची मागची बाजू लावून बघा. एकच जास्त गरम असेल तर तोच गुन्हेगार. तिथेच व्हील नटही पुन्हा आवळून घ्या.

बेअरिंग कंपनीकडून मागवलं की "स्टॉक नाही, कळवतो." वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या बाजूला बेअरिंगच्या दुकानात ट्रेलरचं नाव सांगायचंच नाही, रिंगवर कोरलेला नंबर सांगायचा. ३५०० पाउंड वजन पेलणाऱ्या अमेरिकी धाटणीच्या ॲक्सलला सहसा बाहेरचं एल ४४६४९ आणि आतलं एल ६८१४९ असतं. बाहेरच्या रिंगसकट जोडीनेच घ्यायचं. ऑइल सील मात्र आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून मिळतं, म्हणून जुनं सील फेकू नका, खिशात टाकून न्या.

हे सगळं वॉरंटीत का बसत नाही, तर पुस्तिका वाचा. मुखपृष्ठावर ट्रेलर नदीत. आतल्या पानावर बारीक अक्षरात काय वगळलंय त्याची यादी: पक्क्या रस्त्याबाहेरचा वापर, पाण्यातून नेणे, झीज, सीलंट, रबरी भाग, टायर, बेअरिंग. उरतं ते स्टिकर. ऑफ-रोड म्हणून विकायचं आणि ऑफ-रोड नेला म्हणून क्लेम नाकारायचा, यात मला कमालीची सुसूत्रता दिसते. फोनवर विचारतात, "सर, गाडी ऑफ-रोड कुठपर्यंत नेली होती?" जुलैमधले घोडबंदर रोडचे खड्डे बघता याचं प्रामाणिक उत्तर "गायमुखपर्यंत" असं असतं.

शिवाय एका ट्रेलरला वॉरंटी अनेक. चासी एकाची, ॲक्सल दुसऱ्याचा, फ्रिज, बॅटरी, सोलर आणखी कोणाकोणाचे. फ्रिजवाला वायरिंगकडे बोट दाखवतो, वायरिंगवाला बॅटरीकडे, बॅटरीवाला फ्रिजकडे. टोलवाटोलवीत वर्ष सरतं आणि वर्षाचीच तर वॉरंटी असते. चासीच्या पुढच्या त्रिकोणाचं वेल्डिंग तडकलं तर "ओव्हरलोड" हा शब्द तयारच असतो. त्यावर उतारा म्हणजे वजनकाट्याची पावती: एकदा रिकाम्या ट्रेलरची, एकदा भरलेल्या. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, हे विकताना कोणी बोलत नाही. ट्रेलरचं गाडीच्या हुकवर पडणारं वजन त्याच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. त्याहून फार कमी असलं तर मागचा ट्रेलर शेपटी हलवतो, आणि ओढणाऱ्या गाडीची मर्यादा ओलांडली तर नाकापेक्षा मोती जड.

सगळ्यात खुबीदार कलम "कारखान्यात आणून दिल्यास". कारखाना दुसऱ्या राज्यात. नेण्या-आणण्याचा खर्च मालकाचा, आणि नेताना झालेलं नुकसान पुन्हा वगळलेल्या यादीत. म्हणून शेवटचा चेक देण्याआधी कारखान्यातच अर्धा तास छतावर पाणी मारायला लावा, सगळे दिवे पेटवून बघा, वायरिंगचा नकाशा, बेअरिंगचे नंबर आणि सीलंटचा प्रकार लिहून घ्या. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन जातात. आणि सोसायटीच्या पोडियमखालच्या पार्किंगची उंची फूटपट्टीने मोजा, सेक्रेटरींच्या अंदाजाने नको.

तरीही अडलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो तिथे करता येते, म्हणजे कारखाना कुठेही असो, तारखा ठाण्यातच. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० ते २० लाखांना ४०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जायचं, त्यामुळे "पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" याची गणती आठवड्यांनी करत बसू नका. तज्ज्ञ तपासणी लागली तर निकालासाठी कायद्याने पाच महिने धरलेत, एरवी तीन. फोनवरचं आश्वासन पुरावा म्हणून फार लंगडं पडतं. प्रत्येक फोननंतर तेच ईमेलवर लिहून पाठवा, दुरुस्तीच्या जॉबकार्डाची प्रत मागून घ्या, बदललेले भाग परत मागा. ओल्या गादीचे फोटो तारखेसकट काढा, आणि फोटो होईपर्यंत ती सुकू देऊ नका. जुलैत ठाण्यात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.