गव्हाच्या कोठीला पाय लावून जर्मनीत

आईच्या शिलाई मशीनला एक पायडल आधीपासून होतंच. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या खाली आणखी तीन आली: क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. भाचा सहा महिन्यांसाठी कंपनीच्या कामाला परदेशी निघाला, तेव्हा पुण्याच्या फ्लॅटवरचा गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमचा डबा, स्टिअरिंग आणि पायडलं असा सगळा संसार आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या घरी आणून टाकून गेला. "मामा, तू फक्त सांभाळ. खेळलास तरी चालेल." हे शेवटचं वाक्य त्याने म्हणायला नको होतं.

स्टिअरिंग कशाला तरी घट्ट आवळावं लागतं. डायनिंग टेबलाची कड जाड निघाली, टीपॉय वळणावर माझ्याबरोबरच वळायला लागला. शेवटी ते मशीनच्या फळीवर बसलं. पायडलांची गोष्ट निराळी. ब्रेक खऱ्यासारखा वाटावा म्हणून त्याची स्प्रिंग इतकी कडक ठेवलेली, की जोरात दाबलं की गाडी थांबायच्या आधी पायडलं फरशीवरून पुढे जातात आणि मी खुर्चीसकट मागे. उपाय म्हणून पायडलांच्या पुढे गव्हाची कोठी सरकवली. वर्षाचा शरबती, दोन क्विंटल, हलायचं नाव नाही. खुर्चीच्या मागे भिंत. मध्ये मी.

"आणि दळणाला गहू काढायचे असले की?" बायकोने विचारलं.

"शर्यत संपेपर्यंत थांबायचं."

ती थांबली नाही, हे सांगायला नकोच. एकदा ताशी 190 च्या वेगात माझ्या गुडघ्यावरून कोठीचं झाकण गेलेलं आहे.

माझी पात्रता आधी सांगतो. 1988 साली मी लायसन्स काढलं. तेव्हापासून इंदूरच्या रस्त्यांवर स्कूटर, मग मारुती 800, मग आत्ताची. संध्याकाळी सहाला जवाहर मार्गावरून गाडी काढलेला माणूस आहे मी. राजवाड्याजवळ समोरून हातगाडी, डावीकडून ई-रिक्षा आणि उजवीकडून राँग साइडचा बुलेटवाला आला, तरी मी एका हाताने कचोरी खाऊ शकतो. अशा माणसाला हा गेम म्हणाला, आधी लायसन्सची परीक्षा द्या.

पहिली परीक्षा अशी: गाडी सुरू करा, वेग घ्या, पुढे आखलेल्या पट्ट्यात थांबवा. बस. गाडी कुठली, तर एक लहान जपानी हॅचबॅक. मी अकरा वेळा नापास झालो. पहिल्या खेपेला तर तो पट्टा मागे टाकून इतका पुढे गेलो, की ब्रेक लावायचं मनात कधी आलं तेच आठवेना.

या खेळातलं खरं न्यून इथेच आहे, आणि ते घरच्या खुर्चीत भरून निघत नाही. खऱ्या गाडीत ब्रेक लावला की पोट पुढे जातं, पट्टा छातीत रुततो, मागच्या सीटवरची भाजीची पिशवी खाली पडते आणि बायको "अहो!" म्हणते. वेग आपल्याला अंगावर कळत असतो. इथे खुर्ची जागची हलत नाही. डोळे सांगतात 180, पाठ सांगते शून्य, आणि पाय बिचारा पाठीचं ऐकतो. म्हणून नवखा माणूस हमखास उशिरा ब्रेक लावतो. स्टिअरिंगमधली मोटर मात्र प्रामाणिक. खडबडीत कडेवर चाक चढलं की हाताला थरथर देते, पुढच्या चाकांची पकड सुटली की स्टिअरिंग एकदम हलकं होतं. शरीराचं सगळं शहाणपण दोन तळव्यांत गोळा करायचं, असा हा उद्योग. थरथर मशीनच्या फळीतून खालच्या खणात जायची आणि आईची बॉबिनं खणखणायची.

आई त्याच खोलीत तख्तावर माळ घेऊन बसलेली असते. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "कुठे जाऊन राहिलास रे?"

"कुठे नाही आई. गोल फिरून परत इथेच."

"मग एवढी घाई कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

नापास होऊन होऊन शेवटी भाच्याला फोन लावला. त्याच्याकडे पहाटेचे चार वाजले होते, पण हाक गुरूला होती. तो झोपेत म्हणाला, "मामा, टायरकडे पकड ठराविक असते. ती ब्रेकला दे, नाहीतर वळायला दे. दोन्हीला पूर्ण मागितलीस की गाडी सरळ जाते." म्हणजे थोडक्यात महिन्याचा पगार. हप्त्यालाही पुरा हवा आणि लग्नाच्या आहेरालाही पुरा हवा, की माणूस सरळ जाऊन भिंतीला लागतो. "आणि ब्रेक लावलास की वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांना पकड मिळते. मग हळूहळू सोडत वळ." एवढं कळलं आणि बाराव्या वेळी पास झालो. पेढे आणले नाहीत, पण आणावेसे वाटले.

असल्या काटेकोर खेळांची पंगत बसवली ती 1997 साली जपानमध्ये आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो'ने. तो करणारे काझुनोरी यामाउची पुढे स्वतः जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरले. त्याच गेमच्या स्पर्धेतून 2011 मध्ये निवडलेला यान मार्डनबरो नावाचा पोरगा खराखुरा रेसर झाला आणि 2013 मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. हे मी जेवताना घरात सांगितलं. बायकोने भात वाढता वाढता विचारलं, "निवडला तेव्हा तो केवढा होता?"

"एकोणीस."

"आणि आपण अठ्ठावन्न," ती म्हणाली. "ताक घ्या."

माझ्याकडचा गेम कुठला ते सांगत नाही, कारण आता तक्रारींवर येतो. जपानच्या सुझुकाचा ट्रॅक 5.807 किलोमीटरचा आणि आठच्या आकड्याचा आहे. स्वतःच्याच अंगावरून पुलाने पलीकडे जातो. मला वाटलं, आठ तर आपण 1988 मध्येच काढून दाखवलाय, तोही स्कूटरवर, पाय न टेकता. पहिल्याच वळणात पंधरा गाड्या पुढे. मी सवयीने हॉर्न दाबला. हॉर्न होता, वाजलाही, पण एक गाडी तसूभर बाजूला झाली नाही! मी दाबून धरला. तरी नाही. माझ्या आयुष्यातलं निम्मं ड्रायव्हिंग त्या बोटात आहे, आणि या गेममध्ये ते बोट बेकार.

पुढचा अपमान शॉर्टकटचा. सिग्नल लाल असला की कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायचं, ही कला मी मेहनतीने कमावलेली आहे. इथे एका वळणावर जरा गवतातून गेलो, तर पडद्यावर लगेच दोन सेकंदांचा दंड. ना हवालदार, ना शिट्टी, ना "साहेब, आईला दवाखान्यात न्यायचंय" म्हणायची सोय. आमच्या हायकोर्ट चौकात हवालदार रणजित सिंग नाचत नाचत वाहतूक सांभाळायचे, तिथे थांबायलाही मजा यायची. हा गेम हसत नाही.

बाकीच्या गाड्या तर रुळावरून चालल्यासारख्या. ठरलेली रेघ सोडत नाहीत, मी तिथे असलो तरी. येऊन धडकतात आणि दंड मला. पण काच खाली करून "भिया, दिखता नहीं क्या?" असं विचारणारा कोणी नाही. दोनशेच्या वेगात भिंतीला ठोकलं, तर 'ठक्' आवाज आणि बंपरवर एक ओरखडा. गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना आपल्या गाडीचा चेंदामेंदा झालेला दाखवणं रुचत नाही म्हणतात. माझ्या खऱ्या गाडीला सराफ्यात एका ठेल्याचा कोपरा घासला होता, त्या जागेवरून मी तीन वर्षं रोज बोट फिरवतोय. एवढं खरंखुरं म्हणवणाऱ्या खेळात टायरचं तापमान आहे, पेट्रोलचं वजन आहे, पण डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं "परसों ले जाना" नाही. गाय नाही. वरातही नाही.

तरी मी रात्री साडेदहाला मशीनपाशी का बसतो? इंदूरमध्ये मी गाडी चालवताना झालेली प्रत्येक गोष्ट आजवर दुसऱ्या कोणाची तरी चूक होती. रिक्षावाल्याची, खड्ड्याची, नगर निगमची, शेजारी बसून "डावीकडे, डावीकडे" म्हणणाऱ्या मेव्हण्याची. एकट्याने नुसती घड्याळाशी शर्यत लावायला ट्रॅकवर उतरलो की तिथे माझ्याशिवाय कोणीच नसतं. वळण चुकलं तर मी चुकवलं. आणि बरोबर आलं, ब्रेक वेळेवर सुटला, गाडी आतल्या कडेला अलगद टेकून आपोआप बाहेर वाहत गेली, तर तेही मीच केलं. असं वळण दहात एक येतं. त्या एकासाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी कोठीला पाय लावून बसणं मला फारसं महाग वाटत नाही. बायकोला वाटतं.

चारशेवर गाड्यांची यादी मी चष्मा लावून दोनदा वाचली. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 च्या दशकात घेतलेली ड्यूसेनबर्ग एसजे त्यात नाही. अमेरिकेची गाडी, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली बॉडी, 320 हॉर्सपॉवर, रंग होळकरांचे! आजोबा दरबारच्या नोकरीत होते, त्यामुळे ती गाडी घरचीच असल्यासारखं मला वाटतं. ट्रॅकमध्येही तेच. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, इथून तासाभराच्या वाटेवर. तो यादीत नाही, आणि खरा मला कोणी आत येऊ देणार नाही. त्यामुळे जर्मनीला जाणं आलं.

नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफ, 20.8 किलोमीटर, सत्तरावर वळणं, दोन्हीकडे जंगल. जुन्या काळचा रेसर जॅकी स्ट्युअर्टने त्याला हिरवा नरक म्हटलं होतं. प्रेक्षकांनी रस्त्यावर रंगवलेली नावंसुद्धा गेममध्ये आहेत. मी तो पाठ करायला महिना घेतला, ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढचा घाट लागतो तसं एकेक वळण मनाशी धरून. परवा रात्री जमून आलं. कारूसेलच्या सिमेंटच्या खोलगट वळणात चाक बरोबर उतरलं. गवत नाही, भिंत नाही, दंड नाही. बारा मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. शेवटचा दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा लागला. आता फक्त पाय दाबून धरायचा होता.

लाइट गेली.

आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, एक ट्यूबलाइट आणि आईचा झिरोचा बल्ब आहे, जर्मनी नाही. पडदा काळा, पाय अजून कोठीशी दाबलेला. आईने माळ थांबवून काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोहोचलास का रे?"