शेजारचा मिशनरी आणि आत्याचा प्रश्न

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धर्मांतराचा विषय निघाला की साक्षीला मला उभं केलं जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सक्तीच्या आणि फसवणुकीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून तर वरचेवर. "तू त्यांच्या गुहेतच राहतोस, तूच सांग," असं आत्या म्हणते. गुहा म्हणजे अमेरिकेतलं युटा राज्य. सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय नावाचं गाव आहे, तिथे आमचं घर. गावाचं नावसुद्धा मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मग्रंथातलं. सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे तेलुगू, तमीळ, मराठी कुटुंबं इकडे बरीच आली, पण शेजारीपाजारी, मुलीच्या शाळेतल्या बाई, दातांचे डॉक्टर हे बहुतेक मॉर्मनच. (या नावाने आम्हाला हाक मारू नका, असं त्यांच्या चर्चप्रमुखांनी २०१८ मध्ये जाहीर केलंय. पण 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे पूर्ण नाव दर ओळीत लिहायचं तर लेख त्यातच संपेल.)

आत्याचा प्रश्न साधा आहे: ते लोक तुम्हाला ओढत नाहीत का? ओढतात की. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी लावलेली दोन पोरं दारात येतात, हसतात, बोलायला वेळ आहे का विचारतात. नाही म्हटलं की आभार मानून पुढच्या दाराकडे वळतात. आमच्याकडे इतकंच झालंय. पण दाराच्या त्या बाजूला काय असतं, ते मला शेजारच्या घरामुळे कळलं.

त्यांचा मुलगा शाळा संपवून मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, तैवानला गेला. गेला म्हणजे पाठवला गेला. अर्ज तरुणांनी करायचा, देश चर्च ठरवणार. कुणाला ब्राझील येतं, कुणाला शेजारचंच आयडाहो. पत्र उघडायचं त्या संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात आजी-आजोबांपासून सगळे जमले होते, आम्हीही होतो. मुलगे अठराव्या वर्षापासून जाऊ शकतात आणि दोन वर्षं राहतात. मुलींसाठी मुदत दीड वर्षाची, त्यांच्यावर तितकी अपेक्षाही नसते. पगार शून्य. उलट २०२० पासून अमेरिकन कुटुंबाने महिन्याला ५०० डॉलर भरायचे, मुलगा महागड्या टोकियोत असो की स्वस्त मनिलात. आधी युटातल्याच प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे मँडरिनची घोटाई झाली, आणि तुटपुंज्या भाषेनिशी स्वारी तैपेईच्या विमानात बसली.

तिथला दिवस साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, आंघोळ, ग्रंथवाचन, भाषेचा अभ्यास, मग सायकल. रात्री साडेदहाला दिवे बंद. सोबतीला कायम एक जोडीदार, तोही वरून नेमलेला. त्याच्याशी पटो न पटो, त्याला सोडून कोपऱ्यावरच्या दुकानातही जायचं नाही. सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही. लाल दिव्याला थांबलेल्या स्कूटरवाल्याशी दिवा हिरवा व्हायच्या आत ओळख काढायची, इंग्रजीचे फुकट वर्ग घ्यायचे, कुणाचं सामान हलवायचं असेल तर हात लावायचा. आणि तैवानसारख्या चहाच्या देशात घरोघर पुढे केलेला कप नम्रपणे नाकारायचा, कारण १८३३ पासून चालत आलेल्या त्यांच्या पथ्यात दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही बसत नाही. आत्याला यातलं दुसरं काही नाही, पण हे मात्र भयंकर वाटलं.

सोमवार मोकळा. कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी फोन. तैवानमधली सोमवारची सकाळ म्हणजे आमच्याकडची रविवार संध्याकाळ. तेवढा वेळ त्याची आई कुठलंही आमंत्रण घेत नाही. तिच्या भावांच्या वेळी वर्षातून फक्त दोनदा फोन करता यायचा, नाताळाला आणि मातृदिनाला. आठवड्याला बोलायची मुभा २०१९ मध्ये मिळाली. पहिल्या काही महिन्यांत पोरगा फोनवर रडायचा, हे तिनेच सांगितलं. मग रडणं थांबलं आणि वाद सुरू झाले. रोज लोकांना 'प्रार्थना करा, उत्तर मिळेल' सांगतो, पण मला स्वतःला नक्की काय उत्तर मिळालंय, असं तो विचारू लागला. आई म्हणाली, चला, आता खरा मिशनवर पोचला.

आता हिशेब बघा. २०२४ मध्ये जगभर त्यांचे सुमारे ७४ हजार मिशनरी होते आणि त्या वर्षी नवे बाप्तिस्मे झाले ३ लाखांवर थोडे. म्हणजे माणशी वर्षाला चार. तेही सगळीकडे सारखे नाहीत, युरोपात कित्येकांच्या वाट्याला दोन वर्षांत एखादा येतो. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढलेले मिट रॉम्नी साठच्या दशकात असेच फ्रान्समध्ये होते आणि वाइनच्या देशात दारू सोडायला सांगत दारं ठोठावत होते. धर्म वाढवायचं यंत्र म्हणून हे फारच महाग पडतं. माझ्या मते ही दोन वर्षं समोरच्याला बदलण्यासाठी कमी आणि त्या अठरा वर्षांच्या पोराला कायमचं बांधून ठेवण्यासाठी जास्त असतात. ज्या गोष्टीसाठी हजार लोकांचा नकार सोसला, ती सोडून देणं अवघड जातं.

घरच्या चर्चेत मात्र शब्द असतो प्रलोभन. तांदळाच्या पिशवीसाठी लोक धर्म बदलतात, असे फॉरवर्ड मलाही येतात. मॉर्मन होणाऱ्याला काय मिळतं? उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो, चहा सुटतो, रविवार जातो, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यावे लागतात. आपल्या एकादशीसारखी साबुदाण्याची पळवाट त्यात नाही.

म्हणून सगळं छान आहे असं मी म्हणत नाही. मिशन अर्धवट सोडून परतलेल्या पोराकडे इथला मोहल्ला ज्या नजरेने बघतो, ती मी पाहिली आहे. 'जायचं की नाही' हा प्रश्न मुलग्यांना खऱ्या अर्थाने विचारलाच जात नाही. गरीब देशात गोरा, हसरा, अमेरिकन पासपोर्टवाला तरुण दारात उभा राहतो तेव्हा दोन्ही बाजू समान नसतात. मिशनरी कंगाल असला तरी संस्था नाही. शेअर बाजारातली अब्जावधींची गुंतवणूक दडवून ठेवल्याबद्दल चर्च आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून २०२३ मध्ये ५० लाख डॉलरचा दंड भरावा लागला. आणि मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची त्यांची प्रथा तर मला सहनच होत नाही. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं त्यात आली म्हणून १९९५ मध्ये त्यांना करार करावा लागला, आणि गांधीजींच्या नावानेही असा विधी झाल्याच्या बातम्या २०१२ मध्ये होत्या. गेलेल्या माणसाला नाहीच म्हणता येत नाही.

माझं बोट नेमकं तिथे आहे. नाही म्हणता येतं का? फसवणूक, धमकी, पैसे चारणं यावर बोट ठेवणाऱ्या कायद्याला कुणाची हरकत असणार? पण उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यांत धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं आहे. ही अट मिशनऱ्याला धरत नाही, ऐकणाऱ्याला धरते. रशियाने २०१६ मध्ये दुसरी बाजू आवळली. जाहीर धर्मप्रचारावरच निर्बंध आले, आणि तेव्हापासून तिथली ही पोरं मिशनरी न म्हणवता स्वयंसेवक म्हणून राहतात. इथल्या लोकांना असल्या गोष्टी नव्या नाहीत. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला, असा लेखी हुकूम काढला होता. तो औपचारिकपणे मागे घ्यायला १९७६ उजाडलं. त्या हुकुमाची आठवण नातवंडांपर्यंत पोचवतात ते, आणि तरीही पुढे युटात स्वतःचं बहुमत झाल्यावर बाकीच्यांना परकं वाटू न देण्याचं कसब त्यांना अजून पुरतं साधलेलं नाही.

आत्याला मी एकदा लिहिलं की मॉर्मन तुझ्या पुण्यात १८५२ मध्येच येऊन गेलेत. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस मुंबईहून तिथे गेला, मूठभर लोकांची मंडळी उभी केली आणि काही वर्षांत ती विरूनही गेली. पुण्याने त्याला हरवायला कायदा केला नव्हता, फक्त ऐकून सोडून दिलं. त्याच महाराष्ट्रात १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, घर मोडलं, गाव उलटलं, आणि पुढे त्यांचेच अभंग आपण वाचले. १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धर्म बदलला. त्या दिवशी प्रत्येकाला साठ दिवसांची नोटीस द्यायला लावली असती तर? आत्याने यावर अंगठा दाखवला, म्हणजे पसंतीचा की विषय बंद, ते कळलं नाही.

तिचा पुढचा प्रश्न जास्त टोकदार होता: उद्या तुझ्या मुलीने बाप्तिस्मा घेते म्हटलं तर? ती सोळाची आहे. मैत्रिणींबरोबर त्यांच्या कार्यक्रमांना जाते. त्याच मैत्रिणी मार्चअखेरीस स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात होळी खेळायला येतात. तिथे रंगात न्हालेल्या हजारोंमध्ये मॉर्मनच जास्त असतात आणि 'हरे कृष्ण' म्हणून नाचून कुणाचा धर्म गेल्याचं ऐकिवात नाही. पण प्रश्न खरा आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत त्यांच्याच नियमाने आई-बापांची संमती लागते, आणि ती मी देणार नाही. नंतर मात्र माझ्याकडे फक्त तोंड उरेल. गांधीजींच्या बाप्तिस्म्यापासून शेअर बाजारापर्यंत सगळं काढीन, तिची आई माझ्यापेक्षा जोरात भांडेल, आत्याला व्हिडिओ कॉलवर घेऊ. जिल्हाधिकारी सोडून सगळ्यांना बोलावू.