‘घरगुती मीटरवर विश्वास कसा ठेवायचा?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा थोडा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचली आणि उठून सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. मिलिओहम, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागातला रोध, मोजण्यासाठी मी एक जोडणी केली होती: एलएम३१७ ही रेग्युलेटर चिप बॅटरीतून ठरावीक करंट वस्तूतून सोडते आणि वस्तूवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायचं. तिच्यावर तुमचे चार आक्षेप होते: क्लिपा चुकीच्या जोडल्यात, क्लिपा मोकळ्या असताना टोकांवर पाच-सहा व्होल्ट येतात, त्यात एखादा आयसी जाईल, कॅलिब्रेशन नाही, म्हणजे आकड्यांना अर्थ नाही, आणि तयार मीटर मिळत असताना या ‘खेळण्याचा’ खटाटोप कशाला.

पहिले दोन बिनतोड आहेत. करंटची आणि व्होल्टेजची अशा दोन्ही तारा मी एकाच साध्या क्रोकोडाइल क्लिपच्या शेपटीला डाग देऊन जोडल्या होत्या. चार तारा दिसल्या की केल्विन पद्धत (करंटच्या दोन तारा वेगळ्या, व्होल्टेज मोजायच्या दोन वेगळ्या) झाली, असा माझा समज. पण अशा क्लिपचे दोन्ही जबडे बिजागरीतून एकच असतात, त्यामुळे क्लिप जिथे चावते तिथला रोधही मापात येतो. खात्रीसाठी ०.५ मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब तांब्याची तार लावली. मीटरवर ११.४ मिलिव्होल्ट. क्लिप जरा हलवली तर १०.१. पुन्हा दाबली तर १२. तार तीच, हात तोच! मग व्होल्टेजच्या तारा सोडवून सुईसारख्या दोन वेगळ्या प्रोबना जोडल्या आणि क्लिपांच्या आतल्या बाजूला तारेवर टेकवल्या. आकडा ८.९ वर आला आणि क्लिपा कितीही हलवल्या तरी तिथून हलला नाही.

मोकळ्या टोकांवरच्या व्होल्टेजचं तर मला सुचलंच नव्हतं. एलएम३१७ ला १०० मिलिअँपिअर ढकलायचेत. वाट मिळाली नाही की तो बॅटरीतलं हाताला लागेल तेवढं व्होल्टेज टोकांवर आणून ठेवणार. आता आउटपुटवर एक शॉट्की डायोड (कमी व्होल्टेजलाच वाहू लागणारा) टाकलाय, १एन५८१९. टोकं मोकळी असली तरी व्होल्टेज ०.३ च्या आसपास अडतं, आणि एवढ्यावर बोर्डावरच्या आयसींचे सिलिकॉन जंक्शन जागे होत नाहीत. दोनशे मिलिव्होल्टच्या जवळ गेलं की हा डायोड स्वतःच थोडा करंट खाऊ लागतो. त्याचं काय केलं ते खाली येईलच.

कॅलिब्रेशनबद्दल मात्र आपलं जमत नाही. एलएम३१७ चं १.२५ व्होल्ट हे नावापुरतं. डेटाशीटप्रमाणे ते १.२० ते १.३० मध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे १२.५ ओहमचा रेझिस्टर लावून ‘शंभर मिलिअँपिअर झाले’ म्हणणं हा अंदाज आहे, इथवर तुमचं बरोबर. पण करंट नेमका किती हे कळायची गरजच काय? मापायच्या वस्तूच्या ओळीत (सिरीजमध्ये) मी एक ओहमचा संदर्भ रेझिस्टर ठेवलाय, १० ओहमचे एक टक्कावाले दहा नग समांतर जोडून. प्रत्येकातून दहाच मिलिअँपिअर जातात, गरम व्हायचा प्रश्न नाही. त्याच मल्टिमीटरच्या त्याच रेंजवर आधी संदर्भावरचं व्होल्टेज घ्यायचं, मग वस्तूवरचं, आणि भागाकार करायचा. करंट कमी-जास्त असला तरी तो दोन्हीकडे सारखाच असतो, मीटरचं स्केल थोडं चुकत असलं तर तेही दोन्हीकडे सारखंच चुकतं. डायोड या दोघांच्या जोडीला समांतर आहे, त्यामुळे त्याने करंट खाल्ला तरी गुणोत्तर ढळत नाही.

माझ्याकडे संदर्भावर ९८.६ मिलिव्होल्ट आले, तारेवर ८.९. भागाकार ०.०९०३ ओहम. तांब्याच्या रोधकतेवरून, खोलीतले २७ अंश धरून, हिशोब येतो ०.०९०२. जुळणी इतकी गोड की मलाच संशय आला, आणि तो रास्त होता. तारेचा व्यास कॅलिपरवर ०.०१ मिलिमीटर चुकला तर रोधात चार टक्के फरक पडतो, शिवाय वाइंडिंगच्या तारेवरचं वार्निश न खरवडता व्यास घेतला तर आणखी फसगत. मीटरचा शेवटचा आकडा डगमगतो तो वेगळाच. भागाकाराने स्केलची चूक कटते, ही कटत नाही. दहा रेझिस्टर एकाच रिळातले असतील तर सगळे एकाच बाजूला झुकलेले असू शकतात. म्हणून या मापात मी दोन-तीन टक्क्यांची चूक धरून चालतो, त्याहून अचूक मानत नाही. पण हे दोन-तीन टक्के कुठून येतात ते मला बोट ठेवून दाखवता येतं. तयार मीटरच्या कागदावरच्या ०.५ टक्क्याबद्दल मला ते जमलं नसतं.

आणि ज्या कामासाठी हे केलं त्याला एवढीही अचूकता लागत नाही. एका बोर्डाच्या पाच व्होल्टच्या रेलवर (सगळीकडे वीज पोचवणाऱ्या ट्रॅकवर) शॉर्ट होता आणि रेलवर चौदा सिरॅमिक कपॅसिटर. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर सगळीकडे ०.३, त्यातला बहुतेक प्रोबच्या तारांचाच. ही जोडणी लावली, एक प्रोब ग्राउंडवर ठेवला आणि दुसरा ट्रॅकवरून पुढे नेत गेलो, मिलिव्होल्टमध्ये: ३.१, २.४, १.६, १.१... आणि पुढे नुसतंच १.१, १.१. शॉर्टच्या पलीकडे करंटच जात नाही, म्हणून व्होल्टेजही उतरत नाही. जिथे आकडा उतरायचा थांबला तिथला कपॅसिटर काढला आणि शॉर्ट गेला.

तयार मीटर घ्या की, मी कुठे नाही म्हणतो? मेन लाइनला हात लावायचा असेल तर घ्यायलाच हवा, योग्य कॅट रेटिंगवाला (मेन लाइनवर तो किती सुरक्षित हे सांगणारा दर्जा). माझी ही जोडणी फक्त बंद केलेल्या, कपॅसिटर रिकामे केलेल्या बोर्डासाठी आहे. मूळ लेखात हे लिहायचं राहिलं होतं, आता वरच टाकलंय. आकृतीही बदलली, चुकीच्या क्लिपांचा फोटो फुली मारून तसाच ठेवलाय.

तुमच्याकडे चार टोकांचं बेंच मीटर असावं असं लिहिण्यावरून वाटतं. असेल तर ०.५ ची एक मीटर तार त्यावर लावून आकडा कळवाल का? खोलीचं तापमानही लिहा.