पिशव्यांची पिशवी

पर्यावरण वाचवायचं ठरवलंत ना? छान. मग आधी खरेदीला निघा. घरात स्टीलच्या सात बाटल्या आहेत, हे विसरा. त्या जुन्या आहेत, आणि त्यांच्यावर पानाचं चित्र नाही. त्यामुळे शेजाऱ्यांना कसं कळणार तुम्ही काय वाचवताय ते?

पण खरा श्रीगणेशा पिशवीपासूनच. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, आणि तीन महिन्यांनी दंड सुरू झाला. पहिल्या खेपेला 5,000 रुपये. त्या जूनमध्ये भली भली माणसं कोथिंबिरीची जुडी काखेत मारून मंडईतून घरी येत होती. आता तशी वेळ येत नाही, दुकानदार ‘कापडी’ पिशवी देतो. ती असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच, फक्त लांबून कापडासारखी दिसते. कोपऱ्याला काडी लावून बघा. सुती कापडाची राख होते, ही वितळून थेंब थेंब गळते. पण कशाला बघताय? तुम्ही कापडी म्हणा, तोही कापडी म्हणतो, दोघांचा दिवस चांगला जातो.

मला हे पटलं नाही, म्हणून मी अस्सल सुती पिशव्यांकडे वळलो. वळावं लागतच नाही म्हणा, त्याच येतात. कुणाच्या मुंजीत मिळते, कुठल्या परिसंवादात मिळते, पर्यावरणदिनाला तर दोन-दोन. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पिशवी आहे आणि तिच्यात बाकीच्या पिशव्या. परवा खिळा निघाला तेव्हा मोजल्या. 23.

आता हिशोब ऐका. 2018 मध्येच डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने तो मांडला होता. कापसाच्या शेतापासूनचे सगळे परिणाम धरले, तर साधी सुती पिशवी तिथल्या सुपरमार्केटातल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला 7,100 वेळा वापरावी लागते. सेंद्रिय कापसाची असेल तर 20,000 वेळा. (नुसत्या हवामानबदलापुरतं पाहिलं तर साध्या सुतीला 52 वेळा पुरतात, पण कंसातल्या गोष्टी लक्षात घेतल्या तर लेख कसे लिहायचे?) आठवड्यातून दोनदा भाजी, म्हणजे एका पिशवीला 68 वर्षं. गुणिले 23, झाली 1,564. अजिंठ्याला पाचव्या शतकात भिंती रंगवत होते, तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी मी पिशवी घेऊन भाजीला गेलो असतो, तर आत्ता कुठे फिटंफाट झाली असती. तेव्हा पुनर्जन्मावर श्रद्धा ठेवा. आणि कुठल्याही जन्मात पिशवी घरी विसरू नका, कारण विसरलात की चोविसावी येते.

पिशवी झाली की सोसायटीकडे लक्ष द्या. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा वगैरे केलं तर मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलत आहे. त्यासाठी खड्डा लागतो आणि खड्ड्यावर पाटी लागते. आमच्याकडे दोन्ही आहे. गांडुळंही आणली होती, त्यांचा सत्कार तेवढा राहिला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ओल्या कचऱ्यात सोलकढीचं उरलेलं भांडं ओतलं, कुणी डायपर टाकला, आणि वास आल्यावर पहिल्या मजल्याने सर्वसाधारण सभा मागितली. सभेत सर्वानुमते ठरलं की खड्डा पर्यावरणाला आवश्यक आहे, फक्त त्यात काही टाकू नये. हल्ली तिथे मांजर वितं.

घरातला एसी 1 जानेवारी 2020 नंतरचा असेल, तर तो सुरू होताना आपणहून 24 वर येतो. सरकारी कृपा. तो 18 वर न्या आणि थंडी वाजली की हाताने शिवलेली गोधडी घ्या. गोधडी पुनर्वापराचीच घ्या, ऑनलाइन साडेतीन हजारांना मिळते. आईची नऊवारी आपण बोहारणीला देऊन पातेलं घेतलं होतं, तो विषय काढू नका. सुट्टीत लडाखला विमानाने जाऊन या. हिमनद्या वितळायच्या आत बघायला नकोत?

शेवटी जनजागृती. ती आपल्यापेक्षा गरीब माणसात करावी, उलट उत्तर येत नाही. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी दीड मैल चालत येतात, घरात पंखा एक, गावाला वर्षातून एकदा, एसटीने. पण प्लास्टिक वापरतात! दुधाच्या पिशव्या कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटू देत नाहीत, धुऊन ओट्याच्या टाइलांवर पालथ्या चिकटवतात आणि वाळल्या की किलोवर रद्दीवाल्याला देतात. भर जुलैत डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन आल्या, तेव्हा माझ्याने राहवेना. कासवांच्या नाकात काय काय अडकतं ते सगळं सांगितलं. त्या पदराने हात पुसत ऐकत होत्या. मग तेवीसपैकी सगळ्यात चांगली, ‘वसुंधरा आपली आई’ छापलेली पिशवी त्यांना दिली.

“चांगली आहे हो दादा,” म्हणाल्या. “लेकीच्या लग्नात आहेर ठेवायला होईल.”

भिजू नये म्हणून त्यांनी ती आमच्यासमोरच नीट घडी घालून दुधाच्या पिशवीत ठेवली.