दुकाने चोवीस तास, पण वाइन शॉप नव्हे

‘१ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने राज्यातील सगळी दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात, तेव्हा वाइन शॉपलाही वेळेचे बंधन उरलेले नाही, रात्री दारू नाकारली तर तक्रार करा, नाहीतर (गोव्याच्या हद्दीतल्या) पत्रादेवीहून आणा, बिल असले की कोणी अडवू शकत नाही,’ असा संदेश सावंतवाडीपासून रत्नागिरीपर्यंत मोबाइलवर फिरतो आहे.

शासन निर्णय निघाला आणि इतर दुकानांना चोवीस तासांची मुभा मिळाली, एवढेच त्यात खरे आहे. त्याचा आधार असलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने विशिष्ट आस्थापनांच्या वेळा ठरवण्याचा अधिकार शासनाकडेच ठेवला असून, १९ डिसेंबर २०१७ च्या अधिसूचनेने परमिट रूम, बियर बार, हुक्का पार्लर यांच्याबरोबर वाइन शॉपवरही वेळेचे बंधन घातले होते. ऑक्टोबरच्या निर्णयातही मद्यविक्रीची ठिकाणे स्पष्टपणे वगळली आहेत; संदेश लिहिणाऱ्याचे वाचन बहुधा मथळ्यापाशीच थांबले असावे. शिवाय दारूविक्रीचा परवाना मिळतो तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली, आणि वेळ ही त्या परवान्याची अट असते. बंधनच उरले नसते, तर २४, २५ व ३१ डिसेंबरला वाइन शॉप रात्री १ पर्यंत उघडे ठेवण्याची खास सवलत शासनाला द्यावी लागली नसती. त्यामुळे वेळेवर शटर ओढणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रार करण्यासारखे काही नाही. उलट शटर अर्धे उघडे ठेवून बाटली देणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो.

पत्रादेवीचा सल्ला तर थेट गुन्ह्याकडे नेणारा आहे. गोवा बनावटीच्या दारूवर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क भरलेले नसते, म्हणूनच ती परवानगीशिवाय हद्दीत आणणे आणि जवळ बाळगणे हा १९४९ च्या अधिनियमातील कलम ६५ खालचा गुन्हा ठरतो. सीमेजवळच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी तपासली गेली, तर ज्या बिलाचा एवढा भरवसा दिला जातो, ते बिल खरेदी गोव्यात झाल्याचेच सांगते. म्हणजे पुरावा खरा, पण तो आपल्याच विरुद्ध. अशा प्रकरणात बाटल्यांबरोबर गाडीही जप्त होऊ शकते.

‘गोव्यात अठराव्या वर्षी मिळते, इथेही मिळायला हवी,’ ही संदेशाची शेवटची ओळ. महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनसाठी २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, मग दुकान दुपारी उघडे असो वा रात्री.