ताटलीतली त्वचा आणि हर्पिसचा ‘दडवलेला इलाज’

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेवर हर्पिस, म्हणजे ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड आणणारा विषाणूजन्य आजार, कायमचा बरा झाला, औषध कंपन्यांनी तो शोध दडपला आणि आता प्राण्यांवरील प्रयोगांची गरजच उरली नाही, असा एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरत आहे.

पहिला मुद्दा ‘कायमचा बरा’ होण्याचा. केराटिनोसाइट, म्हणजे त्वचेच्या बाहेरच्या थरातील पेशी, हवा आणि पोषकद्रव यांच्या सीमेवर वाढवल्या की त्वचेसारखे थर तयार होतात. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू त्या थरांत कसा पसरतो आणि औषधाने त्याची वाढ थांबते का, हे तेथे उत्तम कळते. परंतु ओठावरचे फोड सुकल्यावर विषाणू चेतातंतूंवाटे मागे जाऊन चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेच्या पेशीपुंजात सुप्त राहतो, आणि ज्या ऊतीत चेतापेशीच नाहीत तिच्यात या सुप्तावस्थेवरचा इलाज तपासताच येत नाही. असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचे औषधही त्वचेतील विषाणूची वाढ रोखते. मात्र ते डीएनएच्या प्रती निघण्याच्या वेळी काम करते आणि सुप्त विषाणू त्या काढत नाही, म्हणून फोड पुन्हा येऊ शकतात.

दडपल्याचा आरोप तर निराधारच आहे. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेतील संशोधकांनी जनुक-संपादनाने उंदरांच्या चेतापेशींतील सुप्त विषाणू 90 टक्क्यांहून अधिक घटवल्याचे 2020 मध्ये खुलेपणाने प्रसिद्ध केले.

प्राण्यांविषयीच्या दाव्यात थोडे तथ्य आहे, कारण उंदरात सुप्त विषाणू आपणहून क्वचितच जागा होतो. गिनीपिगमध्ये मात्र जननेंद्रियांवरचे फोड पुन्हा पुन्हा उमटतात, आणि चेता, रक्त व प्रतिकारशक्ती यांचा एकत्रित व्यवहार अजून कोणत्याही ताटलीत पूर्णपणे उभा राहत नाही.

या संदेशामुळे मानवी ऊतींच्या प्रतिमानांचे खरे यश झाकले जाते, याचे मला अधिक वाईट वाटते. याच विषाणूमुळे काही मुलांना प्राणघातक मेंदूज्वर होतो. त्यांतील काहींत विषाणूची चाहूल घेणाऱ्या टीएलआर-3 या ग्राही प्रथिनाचा जनुकीय दोष असल्याचे 2007 मध्ये कळले, पण जिवंत मुलाच्या मेंदूतील पेशी काढून तपासणार कशा? 2012 मध्ये संशोधकांनी अशा रुग्णांच्या त्वचापेशींपासून मूळपेशी आणि त्यांपासून चेतापेशी घडवल्या. त्यांत विषाणू निरोगी पेशींपेक्षा सहज वाढला. इतर संसर्गांना तोंड देणारे मूल याच एका आजाराला का बळी पडते, याचे उत्तर मेंदूच्या पेशींच्या स्वतःच्या संरक्षणात आहे, हे त्यातून दिसले.