पत्रिका उघडली आणि फोन गेला

काल संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. धारोष्ण दुधाचा ग्लास हातात असूनही पैलवान गप्प होता. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल त्यानं उघडली होती. पत्रिका काही दिसली नाही, पण रात्रीत तीच फाइल त्याच्याच नंबरवरनं तालमीच्या ग्रुपवर गेली.

"रिसेट मार, विषय संपला," दाजी म्हणाले. पैलवान लगेच तयार.

"विषय कुठं संपतोय?" मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला आमचा दोस्त भडकला. "आधी नेट बंद कर, सिम बाहेर काढ. त्या फाइलीतलं अ‍ॅप ओटीपी वाचतंय. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असती की गा! फाइलीच्या नावाशेवटी एपीके दिसलं म्हणजे ते अ‍ॅप."

"पासवर्ड बदललाय मी."

"कुठल्या फोनवरनं?"

"ह्याच."

"मग नवा पासवर्डपण त्यालाच दिलास!"

मास्तरांना हे पटेना. अँटिव्हायरस टाकला की झालं, असं त्यांचं म्हणणं. दोस्तानं फोन हातात घेऊन दाखवलं. स्क्रीनवर त्या अ‍ॅपचं चिन्हच नव्हतं, सेटिंगमधल्या यादीत मात्र होतं, आणि अनइन्स्टॉलचं बटण दबत नव्हतं. अंध माणसांना स्क्रीन वाचून दाखवायला असलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी त्या अ‍ॅपनं मागून घेतली होती. तिच्या जोरावर ते स्क्रीन वाचतं आणि बटणंही स्वतःच दाबतं. वर डिव्हाइस अ‍ॅडमिन, म्हणजे फोनचा कारभारीही होऊन बसलेलं, म्हणून ते निघत नव्हतं. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला, तिथं बाहेरची अ‍ॅपं चालत नाहीत. दोन्ही परवानग्या काढल्या, तेव्हा कुठं ते निघालं.

"रिसेट तरीपण करायचाच," दोस्त म्हणाला. "पण आधी सांग, पैसे गेलेत?"

पैलवान खाली बघत राहिला. मग म्हणाला, "नऊ हजार. घरात सांगितलं न्हाई."

म्हणून त्याला रिसेटची घाई होती. मला राग आला, पैलवानाचा नाही, त्या लाजेचा. अखाड्यात चितपट झालेला गडी माती झटकून उठतो, मग फसवला गेलेल्या माणसानं तोंड का लपवायचं? गप्प राहिलेला प्रत्येक तास चोराच्या कामी येतो. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लवकर फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता तरी असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तर स्पष्ट केलं होतं, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेनं सोसायचं. हे मी मोठ्यानं बोललो. दाजी आता रिसेटचं नाव काढेनात. पैसे कापल्याचे मेसेज तक्रारीला लागणार होते, त्यांचे फोटो त्यांनीच काढले.

मग दाजींच्याच फोनवरनं पैलवानानं १९३० लावला, नंतर बँकेला. ते झाल्यावर तालमीच्या ग्रुपसाठी आवाज रेकॉर्ड केला: "पोरांनो, माझ्या नंबरवरनं आलेली पत्रिका उघडू नका. मी फसलोय. कुणी उघडली असंल तर नेट बंद करा आन् मला भेटा, मी दूध कट्ट्यावर बसलोय."